विसणाला जागा

नळी निसटली आणि गरम पाण्याची धार थेट समोरच्या माणसाच्या शर्टावर गेली.

"अगं आई गं!" म्हणत संयोगितानं नळ बंद केला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मंगळवार पेठेतल्या घरच्या दुकानाच्या भिंतीवर तिनं एक गिझर कायमचा जोडून ठेवला होता. खाली छोटं बेसिन, नळाला रबरी नळी. गिऱ्हाइकानं हात खाली धरावा, फोनवरून पाणी कमी-जास्त गरम होतंय याची स्वतः खात्री करून घ्यावी. नुसती खोक्यांची थप्पी बघून कुणी गिझर घेत नाही, असं तिचं ठाम मत होतं. आणि आज कधी नव्हे तो एक तरुण माणूस आपण होऊन बेसिनपाशी आला, तर त्याची ही दशा!

"सॉरी हं... क्लिप ढिली झाली वाटतंय. थांबा, टॉवेल देतो."

कोल्हापूरच्या मुली 'देते' म्हणत नाहीत, 'देतो' म्हणतात, आणि त्यामुळे त्यांचं आजवर काही अडलेलं नाही.

तो माणूस जागचा हलला नाही. छातीला चिकटलेल्या शर्टाकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "पाणी बरं हाय की."

"बेचाळीस डिग्री," तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "त्याच्यावर जातच न्हाय. फोनवर एकदा ठरवलं की बास. घरात म्हातारं माणूस असू दे न्हायतर ल्हान पोर, भाजायची भीती न्हाय."

"व्हय. म्हणून तर गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकून दाखवता येतंय."

संयोगिताचे कान तापले. टॉवेल देताना तिनं खाली बघितलं आणि घेताना तो हसला... एवढंच. पण त्या हसण्यानं ती पुढचं सगळं पाठ केलेलं भाषण विसरली.

त्याचं नाव धैर्यशील. मुरगूडला गुरांचा डॉक्टर. गाईम्हशींना वेळ-काळ कळत नाही म्हणून आठवडाभर तिथंच राहायचा, शनिवारी घरी यायचा. घर याच पेठेत, मागच्या गल्लीत. घरात आई एकटी. बाळाबाई. त्यांना खोकला होता, आणि छातीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर बंद म्हणजे बंद. पण बाळाबाई रोज पहाटे परसात बसून बंब फुंकायच्या.

"मी असलो की मी पेटवतो. नसलो की ती ऐकत न्हाय," तो म्हणाला. हसू आता कुठच्या कुठं गेलं होतं. "मला एवढंच सांगा. मुरगुडात बसून मला हितलं पाणी तापवता येईल का?"

"येईल की," संयोगिता म्हणाली, आणि त्या क्षणी तिला तो गिझर नुसता विकायचा नव्हता, त्या माणसाची काळजी थोडी हलकी करायची होती.

गल्ल्यावरून दादासोंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चष्म्यावरून बघितलं. दुकान मूळचं भांड्यांचं. दादासोंनी सारा जन्म पितळी पातेली, स्टीलचे डबे आणि तांब्याचे बंब विकले होते. लेकीनं दिवाळीआधी हट्ट करून अर्ध्या दुकानात हे फोनवर चालणारे गिझर भरले. न खपलेला माल संक्रांतीपर्यंत परत घ्यायचं पुरवठादारानं कबूल केलं होतं. दादासोंनीही लेकीला तेवढीच मुदत दिली होती. संक्रांतीला खोकी दिसली की ती परत, आणि कपाटात पुन्हा डबे. मार्गशीर्ष लागला तरी थप्पी जवळजवळ होती तशीच होती.

तशी संयोगिताला काळजी करायला कारण लागायचं नाही. कुलूप लावून घरी निघाली की ती कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघायची. गिझर विकला की त्या घरातलं वायरिंग तिला स्वप्नात दिसायचं. म्हणून ती विकण्याआधी स्वतः घर बघून यायची. भिंत पेलेल का, अर्थिंग नीट आहे का, टीव्हीसाठी घेतलेलं नेट न्हाणीपर्यंत पोचतंय का. बाळाबाईंच्या घरीही ती गेली. बाळाबाईंनी तिला वरून खाली नीट न्याहाळलं, गूळ-शेंगदाणे पुढं केले आणि विचारलं, "तू विकणार, का बसवणार बी?"

"दोन्ही, मावशी."

"लगीन झालंय?"

"आई!" धैर्यशील ओरडला. गिझर भिंतीवर चढेपर्यंत त्यानं संयोगिताकडे बघितलं नाही. मग बघितलं ते फोन पुढं करायलाच. "तुमचा नंबर बी जोडून ठेवा ह्यात. काय अडलं तर तुम्ही जवळ आहात."

दोघांनी मिळून ॲपमध्ये बेचाळीसची मर्यादा घातली. तो हुकमी आवाजात आईला म्हणाला, "हे बघ, पहाटे मी तिकडनं चालू करीन. तू काय हात लावायचा न्हाईस." बाळाबाईंनी मान डोलावली. संयोगितानंही डोलावली. या दोन माना कशाला डोलल्या, ते त्यांच्या त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा फोन वाजला.

"चालू करून गोठ्यात आलोय. आईचं पाणी तापलं का, बघा की जरा."

तिनं ॲप उघडलं. "तापलं."

"हां... बरं. तुम्हाला उठवलं काय?"

"न्हाय, मी जागाच होतो," ती म्हणाली. ते खोटं होतं, पण त्या दिवसापासून खरं व्हायला लागलं. फोन यायच्या आधी तिला जाग येऊ लागली. उशाशी फोन, अंगावर चादर, खिडकीबाहेर धुकं.

"कोण ओरडतंय मागं?" एकदा तिनं विचारलं.

"पेशंट. पहिलटकरीण म्हस हाय, घाबरलीया. तिला म्हटलं, गिझरवाल्या बाईंशी बोलतोय, जरा कळ काढ."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी बाईंशी बोलून घ्या. माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलासा."

असं रोज. दोन वाक्यं पाण्याची, मग बाकीची कशाची तरी. शनिवारी संध्याकाळी तो दुकानात यायचा, घरी जायच्या आधी. कधी क्लिप बघायला, कधी पाना मागायला. दादासोंनी एकदा त्याला सरळ विचारलं, "डॉक्टर, तुमच्या घरातला गिझर जास्त बिघडतोय, का तुम्ही?" संयोगिता आतल्या खोलीत पळाली आणि रिकाम्या खोक्यांवर उगाच फडकं मारत बसली.

दुकानही हललं. बाळाबाईंनी गल्लीभर सांगितलं होतं, पोरीनं असलं यंत्र बसवलंय की बोट लावायला नको! झुंबरबाई आल्या, त्यांची जाऊ आली, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं घेतला. थप्पी उतरू लागली. संयोगिता प्रत्येकाला तेच सांगायची, बेचाळीस, भाजायची भीती नाही. प्रत्येक घरातला मुलगा किंवा सून मान डोलवायची आणि फोनवर मर्यादा घातली जायची.

मग एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि तिची झोप उडाली.

ॲपमध्ये टाकीतल्या पाण्याची उष्णता दिसते. आंघोळ झाली की टाकीत गार पाणी शिरतं, आकडा खाली येतो. धैर्यशील घरी असायचा तो रविवार सोडला, तर बाळाबाईंच्या घरी आकडा येतच नव्हता खाली. पहाटे पाणी तापायचं आणि दुपारपर्यंत तसंच तापलेलं राहायचं. संयोगिताला आधी वाटलं, यंत्र बिघडलं. मग वाटलं, नळ तुंबला. मग वाटलं, मावशींना काही झालं तर नाही? या तिसऱ्या विचारासरशी ती तशीच चपला घालून निघाली.

पुढचं दार नुसतं लोटलेलं. आत कुणी नाही. परसातून धूर येत होता.

बाळाबाई बंबासमोर उकिडव्या बसून शेणीचा तुकडा आत सारत होत्या. पदर नाकाला लावलेला, डोळे लाल.

"मावशी! हे काय?"

"बंब हाय. तुझ्या बापाच्याच दुकानातला. वळखला न्हाईस?"

"आणि गिझर?"

"हाय की भिंतीवर. त्याचं काय?" बाळाबाई खोकल्या. खोकला बराच वेळ चालला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पहाटचा त्याचा लाल दिवा लागतोय. लागला की कळतंय मला, लेक उठला तिकडं. दिव्याला हात जोडून मग मी हिकडं येते. तेवढं बास झालं मला."

त्या वेळी संयोगितानं एकच प्रश्न विचारायला हवा होता. मावशी, त्या पाण्यानं आंघोळ का करत नाही? दुकान चालवणाऱ्या माणसानं दुसरं काही विचारायचंच नसतं. पण काळजीनं भरलेल्या डोक्याला नको तेच सुचतं. तिनं विचारलं, "डॉक्टरांना माहीत हाय?"

"न्हाय आणि होणार बी न्हाय!" बाळाबाईंनी तिचा हात धरला. "माझी शपथ हाय तुला. एवढ्या हौसेनं बसवलंय पोरानं. त्याचं मन मोडंल. आणि गल्लीत मी एवढं गुण गायलेत तुझं... माझ्या शब्दावर बायकांनी घेतलाय. तुझं बी नुकसान, माझी बी शोभा. गप बस."

आणि संयोगिता गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. "तापलं का पाणी?"

"तापलं," ती म्हणाली.

यात खोटं काय होतं? पाणी तापलेलंच होतं. पण त्या दिवशी तिला म्हशीवरच्या विनोदाला हसू आलं नाही, आणि फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ छताकडे बघत पडली. सांगितलं तर शपथ मोडते, मावशी तुटतात, गल्लीतले गिझर एकामागून एक परत येतात. नाही सांगितलं तर तिकडे रोज धूर चाललाय. आणि तो... तो माणूस तिच्यावर विश्वास ठेवून मुरगुडात निर्धास्त आहे. संक्रांतीची धास्ती आता तिला आठवतही नव्हती. तिला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. खरं कळल्यावर तो आपल्याकडे कसा बघेल?

त्या शनिवारी धैर्यशील आला तो ओढलेला चेहरा घेऊन. पाना नाही, क्लिप नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "खोकला वाढलाय तिचा. धूर बंद, बंब बंद, तरी वाढतोय. डॉक्टर म्हणतायत, मग काहीतरी दुसरंच असणार. सोमवारी छातीत दुर्बीण घालून बघायची म्हणतायत."

संयोगितानं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"लागतं का... ते? दुखतं?"

"दुखत असणार की. तिच्या वयाला झेपतंय का न्हाय, त्याचीच भीती वाटतीया." त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "सोमवारचं एकदा नीट पार पडू दे. मग... मला तुम्हाला एक विचारायचंय."

काय विचारायचंय, हे तिला कळलं. बाईमाणसाला ते कळतंच. इतके दिवस ज्या एका वाक्याची ती पहाटे डोळे मिटून वाट बघत होती, ते वाक्य आता चार पावलांवर येऊन थांबलं होतं. आज गप्प बसलं की ते तिचं होतं. नंतर कधीतरी, हळूच, सोयीनं सांगता आलं असतं...

तो उठला. दारापाशी जाऊन हेल्मेट घातलं.

"डॉक्टर, थांबा."

तिनं सगळं सांगितलं. बंब, शेणी, लाल दिवा, शपथ. बोलताना ती त्याच्या हेल्मेटच्या काचेकडे बघत राहिली, कारण डोळ्यांकडे बघवेना.

"तुम्हाला कधीपास्नं ठाऊक हाय?"

"बरेच दिवस."

"मी रोज विचारत होतो. तापलं का पाणी. तुम्ही तापलं म्हणत होता."

"तापत होतंच..." ती म्हणाली, आणि आपल्याच शब्दांची तिला लाज वाटली. "मी घाबरलो होतो."

"कशाला?"

तिला उत्तर देता आलं असतं, पण त्या क्षणी ते लबाडीसारखं वाटलं असतं. तो बाहेर पडला. गाडी चालू झाल्याचा आवाज आला. दादासोंनी गल्ल्याचा खण उगाच उघडला आणि बंद केला.

तो घरी असला तरी रविवारी पहाटे फोन यायचाच. त्या रविवारी आला नाही. संयोगितानं ॲप उघडलं. बाळाबाईंचा गिझर तिथं नव्हताच. 'हे उपकरण तुमच्या यादीतून काढण्यात आले आहे,' एवढीच एक ओळ. तिनं ती पुन्हा पुन्हा वाचली. एवढ्या थंडपणे कुणी कुणाच्या आयुष्यातून काढलं जातं, हे तिला माहीत नव्हतं. ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि मग चेहरा धुऊन दुकान उघडायला गेली, कारण घरी बसली असती तर आणखी रडली असती.

पहिल्या गिऱ्हाईक झुंबरबाई. त्यांना बघताच संयोगिता म्हणाली, "काकी, परत द्यायला आलासा न्हवं? द्या. माझी काही तक्रार न्हाय."

"परत?" झुंबरबाई गडबडल्या. इकडं-तिकडं बघून त्या पुढं वाकल्या. "परत न्हाय गं... पण खरं सांगू का? आम्ही बी बंबच पेटवतोय. सुनंला म्हायती न्हाय. ती कामावर गेली की पेटवायचा. माझ्या जावंचं बी तेच. रात्री बाळाबाईच्या घरात आवाज चढला, तवा आमी एकमेकीस्नी सांगितलं आणि कळलं सगळ्यांचं. मला वाटलं, मी एकटीच अडाणी हाय."

आणि मग, उशिरा का होईना, तो प्रश्न संयोगिताच्या तोंडून निघाला. "का पण काकी? काय वाईट हाय त्या पाण्यात?"

"वाईट न्हाय गं, पण कोमट हाय! घंगाळ भरस्तोवर गारढोण हुतंय. आमास्नी पाणी कसं कडकडीत पायजे, वाफ निघणारं. मग आपण त्यात गार पाणी घालायचं, हात घालून बघायचं, अजून तांब्याभर घालायचं... तुझ्या पाण्यात विसण घालायला जागाच न्हाय. आंघूळ केल्यागत वाटतच न्हाय बघ."

विसण! संयोगितानं कपाळावर हात मारला. घरात लहानपणापासून ती तो शब्द ऐकत आली होती. आजी न्हाणीतून ओरडायची, 'विसण आण गं!' आणि हिनं घरोघर जाऊन काय केलं? पाण्यात जणू गार पाणी आधीच मिसळून दिलं. तेही फोन ज्याच्या हातात त्याला विचारून. अंगावर पाणी घेणाऱ्या बाईला तिनं एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला पाणी कसं लागतं. बेचाळीस हा आकडा तिचा होता. धूर बाळाबाईंचा नव्हता, तिचाच होता.

"पप्पा, जरा दुकान बघा," म्हणत ती निघाली.

बाळाबाई पुढच्या सोप्यात बसून होत्या. केस विस्कटलेले, आंघोळ नाही, देवपूजा नाही. तिला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं."

"शपथ मोडलीस."

"मोडली, मावशी. तुमच्या छातीत दुर्बीण घालणार होते. मला ते सहन झालं नसतं. माझ्याशी बोलू नका. पण आंघोळ करा. पाणी कसं लागतं ते एकदा सांगा. मला दुसरं काही नको."

बाळाबाईंनी तोंड पुन्हा तिच्याकडे वळवलं. "बंब उचलून अडगळीत टाकलाय त्यानं," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाळी उठून गेला कुठं तरी. बोलला न्हाय माझ्याशी. ...वाफ दिसाय पायजे पाण्यावर. बोट बुडवलं की काढावं वाटाय पायजे."

संयोगिताच्या फोनवर तो गिझर आता नव्हता. पण गिझरच्या पोटाखाली एक बटण असतं. फोन असो-नसो, नेट असो-नसो, ते चालतं, आणि फोनवर घातलेली मर्यादाही त्यानं ओलांडता येते. इतके दिवस तिनं ते कुठल्याच गिऱ्हाइकाला दाखवलं नव्हतं, कारण फोनचं कौतुक सांगण्यात ते राहूनच गेलं होतं. तिनं बाळाबाईंचा हात धरून बोट त्या बटणावर ठेवलं.

"हे दाबून धरायचं, मावशी. आकडा चढंल. पायजे तितं सोडायचं. डॉक्टरांनी मुरगुडातनं चालू केलं तरी किती तापवायचं ते तुम्ही ठरवायचं."

बाळाबाईंनी दाबलं. आकडा चढत गेला. पन्नास... पंचावन्न... साठला त्यांनी बोट काढलं. पाणी तापेपर्यंत संयोगितानं घंगाळ विसळून घेतलं. मग नळाखाली घंगाळ भरलं आणि न्हाणीत वाफ दाटली. बाळाबाईंनी बोट बुडवलं, झटकन काढलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. शेजारच्या हंड्यातून त्यांनी तांब्याभर गार पाणी ओतलं. हात घातला. अजून अर्धा तांब्या. पुन्हा हात घातला.

"हां," त्या म्हणाल्या. "जा आता भाईर. दार वढून घे."

संयोगिता दाराबाहेर परसात उभी राहिली. मग पहिला तांब्या पडला, दुसरा पडला, आणि आतून एक लांबलचक, समाधानाचा 'आऽऽ' आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"करतीया?"

ती दचकून वळली. धैर्यशील घराच्या मागच्या दारात उभा होता, धापा टाकत.

"मी दुकानात गेलतो," तो हळू आवाजात म्हणाला. "दादासो म्हणाले, तुम्ही हिकडं आलाय. त्याच्या आधी डॉक्टरांच्या घरी गेलतो. धूर चालूच होता म्हणून सांगितलं त्यांना. दुर्बीण नको म्हणाले. आधी धूर बंद करून महिनाभर बघूया म्हणाले."

"खरंच? चूक माझी हाय, डॉक्टर. बेचाळीस मीच शिकवलं तुम्हाला. त्यांना विसण घालायला लागतं. मी विचारलंच न्हाय. आता घरोघर जाऊन सांगणार हाय सगळ्यांना, ज्यांना परत द्यायचाय त्यांनी द्यावा..."

"मी तरी कुठं विचारलं? हात लावू नको म्हणून हुकूम सोडला आणि गेलो." आतून तांब्यांचा आवाज चालू होता. तो एक पाऊल जवळ आला. "काल तुम्ही गप बसला असता तर उद्या दुर्बीण घातली असती तिच्या छातीत. रात्रभर तेच डोक्यात होतं. आणि मी काय केलं? रागानं तुमचा नंबर काढून टाकला."

"बघितलं मी."

"रडला?"

"न्हाय." मग खाली बघत, "थोडं."

"काल विचारलं होतं मी, कशाला घाबरला होता. तुम्ही काही बोलला न्हाय."

ओल्या शेणीचा वास अजून परसात होता. न्हाणीच्या दाराच्या फटीतून वाफ बाहेर येत होती. संयोगितानं पदर नसताना उगाच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. आता लबाडी वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुम्ही यायचं बंद कराल म्हणून," ती म्हणाली. "पहाटेचा फोन बंद होईल म्हणून. मला... मला त्याची सवय झालीया. सवय न्हाय. मला तुम्ही आवडताय."

एवढं बोलून तिला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. तिनं हळूच वर बघितलं, तर गुरांच्या डॉक्टरांचे डोळे भरले होते.

"मला एक विचारायचं होतं..." तो म्हणाला.

"सोमवारनंतर म्हणाला होता."

"सोमवारपर्यंत दम निघंना."

त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी दोघांच्याही लक्षात आलं की आतला पाण्याचा आवाज थांबलाय. तांब्या नाही, नळ नाही, काहीच नाही. धैर्यशील तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला.

"का थांबलासा?" आतून बाळाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बोला की. ऐकू येत न्हवतं म्हणून मी पाणी थांबवलंय."

संयोगितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. धैर्यशील कानापर्यंत लाल झाला. पण माघार घेणारा तो कोल्हापूरचा नव्हेच. त्यानं घसा खाकरला, आणि दाराकडे एकदा, तिच्याकडे एकदा बघून एका दमात म्हणाला, "संयोगिता, लगीन करशील माझ्याशी?"

तिला हो म्हणायचं होतं, इतके दिवस तेच तर म्हणायचं होतं, आणि आता नेमका आवाज फुटेना.

"पोरी, लवकर सांग काय ते," बाळाबाई आतून ओरडल्या. "मी हितं कुडकुडाय लागलीया!"

"व्हय, मावशी!" संयोगिता दाराकडे तोंड करून ओरडली, कारण त्याच्याकडे बघून तिला ते म्हणताच आलं नसतं.

"मावशी न्हवं आता," आतून उत्तर आलं, आणि तांब्या पुन्हा चालू झाला.